दोन हजार रुपये कुणाचे? सासूचे, सुनेचे की कागदाचे?

म्हैसुरात सुरू झालेल्या 'गृहलक्ष्मी' योजनेचे नियम वरवर पाहता अगदी सोपे आहेत. पण रेशनकार्ड, आयकर आणि जीएसटी हे तीन कागद एकत्र आले की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. पात्र कोण, अपात्र कोण आणि आपला हक्क बुडू नये म्हणून काय करावे, याची ही उकल.

३० ऑगस्ट २०२३. नारळी पौर्णिमेचा दिवस. म्हैसूरचे महाराजा कॉलेजचे मैदान बायकांनी फुलून गेले होते. राहुल गांधींच्या हस्ते 'गृहलक्ष्मी' योजनेचे उद्घाटन झाले आणि कुटुंबप्रमुख स्त्रीच्या बँक खात्यात दरमहा दोन हजार रुपये जमा करण्याचा कर्नाटक सरकारचा उपक्रम सुरू झाला. मुख्यमंत्री सिद्धरामय्या म्हैसूर जिल्ह्याचेच. तेव्हा योजनेचा नारळ म्हैसुरात फुटावा, यात नवल नव्हते. त्याआधी चामुंडी टेकडीवर जाऊन चामुंडेश्वरीच्या चरणी दोन हजार रुपये वाहण्यात आले होते. देवीला तिचे दोन हजार विनासायास मिळाले. तिच्याकडे रेशनकार्ड कुणी मागितले नाही, की यजमान आयकर भरतात का, असेही विचारले नाही!

बाकीच्या बायकांचे तसे नाही. महिना दोन हजार म्हणजे वर्षाला चोवीस हजार. अगरबत्त्या वळून, चार घरची भांडी घासून किंवा शिवणकाम करून संसाराला हातभार लावणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही रक्कम मोठी आहे. मुलांची फी, सासऱ्यांची औषधे, गॅस सिलिंडर यांतले काहीतरी त्यातून निभावते. बेळगाव जिल्ह्यातल्या एका आजीबाईंनी तर साठवलेल्या हप्त्यांतून २०२४ साली अख्ख्या गावाला पुरणपोळीचे जेवण घातले होते. त्या बातमीचे कौतुक सगळ्या राज्यात झाले.

पण ज्या घरात हे पैसे आले नाहीत, तिथे पहिला प्रश्न हाच असतो, "शेजारणीला मिळतात, मग मला का नाही?" उत्तर बहुतेक वेळा नियमांत सापडते. ते नियम म्हैसूर, हुबळी, बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांनीही नीट समजून घ्यायला हवेत. कारण योजना भाषा पाहत नाही, ती कागद पाहते.

घराची 'यजमानी' कोण?

कन्नडमध्ये घरच्या कर्त्या बाईला 'यजमानी' म्हणतात. योजनेचा पहिला नियम असा, की रेशनकार्डावर जिची नोंद कुटुंबप्रमुख म्हणून आहे, तिलाच पैसे मिळणार. कार्ड अंत्योदय असो, दारिद्र्यरेषेखालचे असो वा दारिद्र्यरेषेवरचे, तिन्ही चालतात. मात्र एका कार्डामागे एकच स्त्री. घरात सासू, दोन सुना आणि एक विधवा नणंद असली, तरी दोन हजार एकदाच.

२०२३ साली योजनेची घोषणा झाल्याबरोबर कर्नाटकात एकच चर्चा सुरू झाली, पैसे सासूला की सुनेला? राजकीय पुढाऱ्यांपासून पाणवठ्यापर्यंत सगळीकडे हाच विषय. दोन हजारांपायी घरोघरी भांडणे लागतील, असेही भाकीत अनेकांनी केले.

खरे तर या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांपूर्वीच देऊन झाले होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातील तेराव्या कलमाने असे ठरवले, की रेशनकार्डासाठी घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेली सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख समजावी. त्यापूर्वी कार्डावर पहिले नाव असायचे ते घरच्या कर्त्या पुरुषाचे. कायद्याने ते बदलले, तेव्हा कार्डावर धान्याखेरीज आणखी काही मिळेल, असे कुणाच्या मनातही नव्हते. म्हणून बहुतेकांनी त्या नोंदीकडे लक्षच दिले नाही. 'गृहलक्ष्मी' आली आणि त्या एका ओळीला एकदम दरमहा दोन हजारांचे मोल आले.

थोडक्यात, एकत्र कुटुंबात पहिला मान सासूबाईंचा. सुनेचे वेगळे बिऱ्हाड असेल आणि वेगळे कार्ड असेल, तर तीही आपल्या घरची यजमानी. मात्र चूल एक असताना केवळ पैशांसाठी कार्डे दोन करणे बेकायदा ठरते. पडताळणीत ते उघड झाले, तर सासू आणि सून या दोघींचेही नुकसान व्हायचे.

मुलगा कर भरतो, मग आईचे काय?

दुसरा नियम आयकराचा. कुटुंबप्रमुख स्त्री किंवा तिचा पती आयकर भरत असेल, तर ती अपात्र. तसेच दोघांपैकी कुणी जीएसटीचे विवरणपत्र भरत असेल, तरीही अपात्र. नियम इतकाच आहे. पण शब्द नीट वाचा, 'ती किंवा तिचा पती'. मुलाचा उल्लेख त्यात नाही.

समजा, म्हैसूरच्या एका घरात सासूबाई, निवृत्त सासरे, मुलगा, सून आणि नातू असे पाच जण आहेत. सासऱ्यांना तुटपुंजे निवृत्तिवेतन मिळते, त्यावर कर लागत नाही. मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, भरपूर पगार मिळवतो आणि करही भरतो. रेशनकार्डावर प्रमुख म्हणून सासूबाईंचे नाव आहे. नियमाच्या शब्दांनुसार सासूबाई पात्र आहेत, कारण त्या कर भरत नाहीत आणि त्यांचे यजमानही भरत नाहीत.

आता त्याच घरात सासूबाई वारल्या आणि सून प्रमुख झाली असे धरा. घर तेच, उत्पन्न तेच, स्वयंपाकघरही तेच. पण आता प्रमुख स्त्रीचा पती करदाता आहे. म्हणून सून अपात्र!

म्हणजे 'सासूला की सुनेला' या प्रश्नात मानापमानापेक्षा आयकराचा भाग मोठा आहे. ज्या घरात मुलगा कर भरतो, तिथे सुनेने "माझे नाव प्रमुख म्हणून लावा" असा हट्ट धरला, तर घरात येणारे पैसे बंद पडतात. याउलट, सासरे दुकानदार असून जीएसटी भरत असतील आणि मुलगा साधी नोकरी करणारा असेल, तर सासूबाई अपात्र ठरतात. अशा घरात सून पात्र ठरण्याजोगी असली, तरी कार्डावर ती प्रमुख नसल्याने तिला अर्ज करता येत नाही. हा नियम घराची एकूण परिस्थिती विचारातच घेत नाही. तो दोघांचे कागद पाहतो आणि निकाल देतो.

कर शून्य, तरी करदाता?

सगळ्यात जास्त गोंधळ आहे तो इथे. 'आयकर भरणे' आणि 'आयकराचे रिटर्न भरणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यात मात्र आपण दोन्हीला 'टॅक्स भरतो' असेच म्हणतो.

रिटर्न म्हणजे उत्पन्नाचा हिशेब सरकारला सादर करणे. त्यातून कर निघेलच असे नाही. अनेक जण गृहकर्जासाठी, परदेशी जाण्याच्या व्हिसासाठी किंवा बँकेने व्याजावर कापलेला टीडीएस परत मिळावा म्हणून रिटर्न भरतात. त्यांचा कर शून्य असतो.

कर शून्य होण्यामागे आयकर कायद्यातली एक सवलत आहे. २०१३ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना करात दोन हजार रुपयांची सूट दिली. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी '८७-अ' हे कलम आले. योगायोग पाहा, ही सूटही दोन हजारांचीच होती, पण वर्षाला! पुढे ही सूट वाढत गेली. २०१९ मध्ये पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर १२,५०० रुपये, २०२३ मध्ये नव्या करपद्धतीत सात लाखांपर्यंत २५,००० रुपये आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत ६०,००० रुपये. पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. त्यामुळे २०२५-२६ या वर्षासाठी पावणेतेरा लाख पगार असलेल्याचाही कर शून्यावर आला.

या सुटीच्या अटीही लक्षात ठेवाव्यात. ती फक्त भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला मिळते. अनिवासी भारतीयाला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला ती मिळत नाही. नव्या पद्धतीतील बारा लाखांच्या सुटीत शेअर विकून झालेल्या, खास दराने कर लागणाऱ्या नफ्यावरचा कर माफ होत नाही. म्हणजे पगार आठ लाख असला, तरी शेअरच्या नफ्यावर थोडासा जरी कर बसला, तरी तो माणूस त्या वर्षी करदाता ठरतो.

आता मूळ प्रश्न. ज्याचा कर या सुटीमुळे शून्य झाला, तो 'आयकर भरणारा' का? शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर नाही. त्याने तिजोरीत एक रुपयाही भरलेला नसतो. पण पडताळणी माणूस करत नाही, ती संगणकाच्या याद्यांवरून होते. कर भरलेला नसतानाही नाव करदात्यांच्या यादीत आले आणि पैसे अडले, अशा तक्रारी कर्नाटकात योजना सुरू झाल्यानंतर झाल्या. अशा वेळी हातात रिटर्नची पोच आणि कर शून्य असल्याचा कागद असेल, तरच आपले म्हणणे पटवून देता येते.

गरीब दुकानदार, श्रीमंत नोकरदार

जीएसटीचा नियम तर आणखी कडक आहे. आयकरात निदान 'भरणारा' असा शब्द आहे. जीएसटीत नुसते विवरणपत्र सादर केले तरी अपात्रता येते. किती कर भरला, नफा झाला की तोटा, याचा विचार नाही.

एक हिशेब मांडून पाहू. माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांवर गेली, की जीएसटी नोंदणी करावी लागते. समजा, एका किराणा दुकानदाराची उलाढाल बेचाळीस लाख आहे आणि खर्च वजा जाता शेकडा सहा रुपये सुटतात. म्हणजे वर्षाला सुमारे अडीच लाख, महिन्याला जेमतेम एकवीस हजार. त्यात भाड्याच्या घराचा आणि दोन मुलांच्या शाळेचा खर्च. हा गृहस्थ विवरणपत्र भरतो, म्हणून त्याच्या बायकोला 'गृहलक्ष्मी' नाही. पण शेजारी महिना लाखभर पगार मिळवणाऱ्या नोकरदाराचा कर नव्या सुटीने शून्य झालेला. नियमाचे शब्द जसेच्या तसे धरले, तर त्याची बायको अपात्र ठरत नाही!

ही विसंगती कुणी मुद्दाम केलेली नाही. दिल्लीने कराची मर्यादा वाढवली आणि बेंगळुरूने करालाच श्रीमंतीची खूण मानले. दोन वेगवेगळ्या सरकारांचे दोन नियम एकमेकांना न विचारता एकाच घरात येऊन भेटले.

२०२५ च्या जुलै महिन्यात या प्रश्नाला आणखी धार आली. यूपीआयवरून जमा झालेल्या रकमांच्या आधारे कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले सगळेच धास्तावले. बेंगळुरूत तर अनेक दुकानांवर 'यूपीआय बंद, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. अखेर मुख्यमंत्र्यांनी विक्रेत्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा केली. दूध, भाजी, फळे अशा करमुक्त मालावर कर घेतला जाणार नाही आणि इतरांनी जीएसटी नोंदणी केली तर जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे आश्वासन दिले.

विक्रेत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण घरच्या बाईच्या नजरेतून पाहा. नोंदणी केली की विवरणपत्र आले आणि विवरणपत्र आले की तिचे वर्षाचे चोवीस हजार गेले. म्हणजे व्यवहार चोख करण्याची किंमत तिच्या खात्यातून वसूल होते. म्हणून काही नोंदणी टाळायची नाही. कायद्याने जिथे ती सक्तीची आहे, तिथे टाळल्यास दंड दोन हजारांहून किती तरी मोठा असतो. पण हा खर्च आधीच हिशेबात धरलेला बरा, नाही तर "पैसे अचानक बंद का झाले?" म्हणून हेलपाटे घालावे लागतात.

महाराष्ट्रात नियम वेगळे

सीमाभागातल्या घरांत दोन्ही राज्यांचे नातेसंबंध असतात. कागलची मुलगी निपाणीत दिलेली, बेळगावची चंदगडला. त्यामुळे महाराष्ट्राच्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे नियम इथे लावले जातात आणि गल्लत होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत रक्कम दीड हजार ठरली, वय एकवीस ते पासष्ट आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. ट्रॅक्टर सोडून घरात चारचाकी नको आणि कुटुंबात कुणीही आयकरदाता नको.

फरक लक्षात आला ना? महाराष्ट्रात पूर्ण कुटुंबाकडे पाहिले जाते, कर्नाटकात फक्त नवरा-बायकोकडे. महाराष्ट्रात उत्पन्नाची रक्कम ठरलेली आहे, कर्नाटकात कर आणि जीएसटी हीच कसोटी. महाराष्ट्रात कुटुंबप्रमुख असण्याची अट नाही, कर्नाटकात सारे काही त्याच एका नोंदीवर. आणखी एक गोष्ट. परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातील पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रीला पतीची कागदपत्रे चालतील, अशी दुरुस्ती जुलै २०२४ मध्येच झाली होती. त्यामुळे बेळगावहून चंदगडला गेलेल्या मुलीने माहेरच्या दाखल्यांसाठी अडून बसायचे कारण नव्हते. मात्र दोन्ही राज्यांचे लाभ एकाच वेळी घेण्याचा मोह कुणीही धरू नये.

तिकडे आई आधी, आजी नंतर

कमी उत्पन्नाच्या घराला सरकारने मदत करावी, ही कल्पना जगभर आहे. अमेरिकेत तर ती आयकरातूनच केली जाते. १९७५ पासून तिथे कष्टाच्या कमाईवर मिळणारी एक करसवलत आहे. तिची गंमत अशी, की कर शून्य झाल्यावर सवलत उरली, तर ती रक्कम सरकार रोख परत देते. २०२४ या करवर्षात तीन वा अधिक मुले असलेल्या कुटुंबाला ती जास्तीत जास्त ७,८३० डॉलरपर्यंत मिळू शकत होती, तर मूल नसलेल्याला फक्त ६३२ डॉलर. म्हणजे तिथे गरीब घराला रिटर्न भरल्याने पैसे मिळतात, आपल्याकडे रिटर्न भरल्याने ते जातील अशी धास्ती असते.

आपली ८७-अ ची सूट कर शून्यावर आणते आणि तिथेच थांबते. ज्याचे उत्पन्न इतके कमी आहे की कर लागतच नाही, त्याच्या हाती त्या सुटीतून काहीच पडत नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम आपल्याकडे 'गृहलक्ष्मी'सारख्या योजनांकडे आले आहे.

तिकडच्याही अटी कमी नाहीत. उत्पन्न नोकरी-धंद्याचे हवे, नुसत्या व्याजाचे चालत नाही. मूल वर्षातले सहा महिन्यांहून अधिक काळ त्याच घरात राहिलेले हवे. वैध सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. आणि एका मुलावर एकानेच हक्क सांगायचा. आई आणि आजी एकाच घरात राहत असतील, तर पहिला हक्क आईचा. आईने तो सांगितला नाही आणि आजीचे उत्पन्न आईपेक्षा जास्त असले, तरच आजीचा विचार होतो. आपल्याकडे नेमके उलटे, वडीलधारी आधी! परदेशी असलेल्या लेकी-सुनांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

हक्क बुडू नये म्हणून

१. रेशनकार्ड काढून पाहा. प्रमुख म्हणून कुणाचे नाव आहे? त्या व्यक्तीचे निधन झाले असेल, तर आधी नाव कमी करून नव्या प्रमुखाची नोंद करा. त्यानंतरच नवा अर्ज करता येतो. मृताच्या खात्यात जमा होत राहिलेले हप्ते काढू नका, ते परत मागितले जाऊ शकतात.

२. आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक या तिन्हींवर नाव एकच असू द्या. आपल्याकडे लग्नानंतर नाव-आडनाव बदलते. आधारवर माहेरचे आणि कार्डावर सासरचे नाव, असा प्रकार अनेक घरांत असतो. कन्नड आणि मराठी लेखनातल्या फरकानेही नावे जुळत नाहीत.

३. हप्ता आधार क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. दोन-तीन बँकांत खाती असतील, तर पैसे भलत्याच खात्यात पडून राहिलेले असू शकतात. ओरड करण्यापूर्वी सगळी पासबुके भरून आणा.

४. यजमानांचे मागील दोन-तीन वर्षांचे रिटर्न पाहा. 'एकूण देय कर' या रकान्यात शून्य असेल, तर त्या पानाची प्रत जपून ठेवा. बँकेने टीडीएस कापला असेल, तर रिटर्न भरून तो परत मिळवा.

५. जुनी जीएसटी नोंदणी धंदा बंद पडल्यावरही तशीच राहिलेली असते. ती रीतसर रद्द करून घ्या आणि रद्द केल्याचा आदेश जवळ ठेवा.

६. चुकून करदात्यांच्या यादीत नाव आले असेल, तर महिला व बालविकास खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

७. खोटी माहिती देऊ नका. आज पैसे मिळाले, तरी उद्या पॅन आणि आधारच्या जुळणीतून ते उघड होते.

दारिद्र्यरेषेखालचे कार्ड रद्द झाले म्हणून घाबरू नये. २०२४ च्या नोव्हेंबरात कर्नाटकात अशा कार्डांची छाननी झाली तेव्हा मोठी खळबळ उडाली. ओरड झाल्यावर करदाते आणि सरकारी नोकर वगळता इतरांची कार्डे पूर्ववत करण्याचे आदेश निघाले. पण मुळात कार्ड दारिद्र्यरेषेवरचे झाले, तरी 'गृहलक्ष्मी'चा हक्क त्यामुळे जात नाही. धान्याचा नियम वेगळा आणि या पैशांचा वेगळा.

हप्ते वेळेवर येत नाहीत, ही तक्रारही खरी आहे. कधी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचे पैसे रखडले आहेत. पण सगळ्यांचेच रखडले आणि फक्त आपलेच आले नाहीत, यातला फरक ओळखता आला पाहिजे. पहिल्यात वाट पाहावी लागते. दुसऱ्यात कागद शोधावे लागतात. आजवर घरातली कागदपत्रे कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पुरुषांच्या ताब्यात असायची. यजमान किती कर भरतात, दुकानाची नोंदणी कुणाच्या नावे आहे, हे बायकांनी विचारायचीही पद्धत नव्हती. आता तिच्या हक्काचे पैसे त्याच कागदांवर अवलंबून आहेत. तेव्हा तो कप्पा तिने स्वतः उघडावा आणि एकेक कागद वाचून ठेवावा.